नळीआधीची दहा मिनिटं

आमच्या आयसीयूत एक लाल प्लास्टिकचं स्टूल आहे. बुटकं, न्हाणीघरात बसून कपडे घासायला वापरतात तसलं. तपासणीला कोणी साहेब येणार असले की मेट्रन ते उचलून स्टोअरमध्ये टाकायच्या, आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच ते परत चार नंबरच्या कॉटखाली हजर. ते वसावे सिस्टरनी मंगळबाजारातून आणलं होतं आणि त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. लावला असता तर सिस्टर ओरडल्या असत्या अशातला भाग नाही. त्या नुसत्या बघायच्या, आणि तेवढं पुरायचं.

मी लोणखेड्याची. घरात केळी, ऊस आणि अहिराणी. नर्सिंग पास होऊन नंदुरबारच्या या दवाखान्यात लागले तेव्हा माझं नाक फार वर होतं. मॉनिटर वाचता येई, शीर एका टोचण्यात सापडे, औषधांचे डोस तोंडपाठ. मरणाच्या दारातल्या माणसाशी काय बोलायचं, हे मात्र कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. शिकवलं होतं ते एवढंच की नातेवाइकांना कल्पना द्यावी आणि सही घ्यावी. त्यात मी पटाईत होते.

वसावे सिस्टर अक्कलकुव्याकडच्या डोंगरातल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले. चालताना पायांचा आवाज नाही, त्यामुळे मागे येऊन उभ्या राहिल्या की दचकायला व्हायचं. घरची भिली, शाळेतली मराठी, वॉर्डातली अहिराणी, बाजारातली गुजराती, आणि धडगावला नोकरी झाली म्हणून पावरी, अशा पाच भाषा त्यांना येत, आणि पाचही भाषांत त्या कमीच बोलत. डब्यात रोज दादर ज्वारीची भाकर आणि नंदुरबारची लाल मिरची नुसती मिठात वाटून. पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत त्यातलं बोटभर चाटलं आणि पुढचे दोन तास डोळ्यांतून पाणी गाळत पेशंटांना सलाइन लावत होते. सिस्टर म्हणाल्या, "रडून घे. आयसीयूत पुन्हा असं कारण मिळत नाही." त्या चेष्टा करत होत्या की काय, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यांचं खरं काम सुरू व्हायचं ते दम लागलेल्या पेशंटला तोंडावरचा मास्क पुरेना झाला की. छातीचा भाता नुसता उडतोय, माणूस दमून चाललाय, आणि डॉक्टर म्हणतात, नळी टाकू या. घशात नळी गेली, झोपेचं औषध चढलं की माणसाचा आवाज बंद. कधीकधी तो परत येतो, कधीकधी येत नाही. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं, ज्याच्या घशात नळी जाणार त्याला मात्र नसतं. अशा वेळी सिस्टर डॉक्टरांना हळूच विचारायच्या, "सर, दहा मिनिटं आहेत का?"

नाहीत म्हटलं तर त्यांनी एकदाही हट्ट केला नाही. वेळ नसे तिथे ट्रेवर पहिला हात त्यांचाच. पण बऱ्याचदा दहा मिनिटं असतात हो. आमचीच पळापळ ती खाऊन टाकते. डॉक्टर हो म्हणाले की सिस्टर पायाने स्टूल ओढायच्या, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायच्या, एका हातातला ग्लोव्ह काढायच्या आणि बसायच्या. त्यांचं डोकं पेशंटच्या उशीपेक्षा खाली जायचं. मग पेशंटच्या भाषेत तीनच गोष्टी सांगायच्या. नळी टाकणार आहेत. ती असेपर्यंत बोलता येणार नाही. ती कधी निघेल, निघेल की नाही, हे मला माहीत नाही. आणि मग विचारायच्या, "कोणाशी बोलायचंय?"

पुढे गप्प. ही गप्प बसण्याची ताकद मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. मशीन पिकपिक करतंय, बाजूच्या कॉटवर कोणी कण्हतंय, आणि ही बाई उघड्या हातात त्या माणसाचा हात धरून बसलेली, जणू तिला जगात दुसरं काम नाही. घड्याळ का काढता म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "पाहुणा घड्याळ बघायला लागला की घरातलं माणूस बोलणं आवरतं घेतं. इथे पाहुणी मी आहे."

नातेवाईक मात्र दारातच अडवायचे. त्यांना काही सांगू नका सिस्टर, हाय खातील. धानोऱ्याचे असोत की धडगावचे, हे वाक्य ठरलेलं. सिस्टर त्यांच्याशी वाद घालत नसत. आपणहून मी मरणाचं नाव काढणार नाही, म्हणायच्या, पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. मग विचारायच्या, जेवलात का? आणि काय आश्चर्य, ती माणसं बाजूला व्हायची. आम्हा बाकीच्यांना त्यांचा एकच उपदेश होता, तोही अहिराणीत, म्हणजे माझ्यासारखीला पळवाट राहू नये: "जे शे ते सांग." जे आहे ते सांग. एवढंच.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

माझं पहिलंच वर्ष. मिरचीचा हंगाम, गावाबाहेरच्या पथारीवर मिरच्या वाळत घातलेल्या, वारा सुटला की सगळं नंदुरबार खोकायचं. त्या दिवसांत धानोऱ्याचे एक निवृत्त गुरुजी आले. फुप्फुसं पार कामातून गेलेली. वसावे सिस्टरची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी. दोन मुलगे दारात उभे, बाबांना काही सांगू नका म्हणून हात जोडत. डॉक्टर म्हणाले नळी. मी गुरुजींच्या उशाशी उभी राहिले आणि गोड आवाजात म्हणाले, बाबा, काही नाही, छोटी नळी आहे, दोन दिवसांत काढू, मग बोला पाहिजे तेवढं.

गुरुजींनी उजवा हात वर केला. खांद्यापर्यंत, तळवा माझ्याकडे, वर्गातल्या पोरांना गप करावं तसा. मास्कच्या आत ओठ हलले. मला वाटलं घाबरलेत, नळी ढकलतायत. मी तो हात धरून गादीवर दाबला आणि दाबूनच ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी विसरलेली नाही. मग औषध चढलं आणि डोळे मिटले. पाचव्या दिवशी ते गेले.

त्यांची बायको पाचही दिवस बाहेर भिंतीला टेकून बसलेली. शेवटी तिने थोरल्या मुलाला विचारलं, काही बोलले का रे? तो म्हणाला, नाही, काहीच बोलले नाहीत. मी चार हातांवर होते. मला ऐकू आलं. मी सलाइनची बाटली उचलली आणि आत निघून गेले.

वसावे सिस्टर कॉटवरची चादर बदलत होत्या तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. वाटलं होतं, झापतील. झापलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "खोटं सगळेच बोलतात. पण हात का दाबलास?" त्यांनी चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि आम्ही दोघींनी चादर ताणून खोचली. दुसऱ्या दिवसापासून जेव्हा जेव्हा ते स्टूल कॉटखालून निघे, तेव्हा त्या मला मागे उभं करत. बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. असं किती वर्षं चाललं, म्हणाल तर मोजलेलं नाही.

त्या दहा मिनिटांत मी काय काय ऐकलं. बहुतेक वेळा अगदी साधं असतं. गाय आटली आहे, विकू नका. धाकटीचं लग्न पुढे ढकलू नका. कोणी नुसतं नातवाचं नाव घेतं. पण एकदा शहाद्याकडचे एक आप्पा आले होते, ऊसवाले, भारदस्त मिशा, छातीत पाणी झालेलं. कोणाशी बोलायचंय म्हटल्यावर म्हणाले, धाकट्या भावाशी. आता या दोन भावांत बोलणंचालणं नव्हतं हे साऱ्या पंचक्रोशीला माहीत. तरी भाऊ आलेला होता, जिन्यापाशी लांब उभा. सिस्टर स्वतः जाऊन त्याला घेऊन आल्या आणि आपल्या स्टुलावर बसवलं. आप्पांनी मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "बांध मीच कोरा, भाऊ. दर साल थोडा थोडा." भावाच्या शेताचा बांध तेच कोरत आले होते. भाऊ ढसाढसा रडला, आम्ही डोळे पुसले, नळी टाकली.

आणि आप्पा वाचले की! सहाव्या दिवशी नळी निघाली. घोगऱ्या आवाजात त्यांचं पहिलं बोलणं काय, तर सिस्टर, मी जे बोलनू ते नळीआधीचं होतं, ते काही धरायचं नाही. तोवर भावाने मोजणीचा अर्ज टाकलेला होता. आप्पांची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. सिस्टर त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, नळीने आवाज जातो आप्पा, साक्षीदार जात नाहीत. बांध सरळ झाला म्हणतात. दर वर्षी आमच्याकडे केळीचा एक घड येतो, दोघा भावांच्या नावाने.

सगळेच काही नळीला हो म्हणत नसत. एक पावरी म्हातारी आठवते, धडगावच्या पलीकडची, शेवटचा टप्पा मुलाने आणि गावकऱ्यांनी झोळीत घालून डोंगर उतरवलेली. आमचे डॉक्टर तेव्हा नवे, हुशार, तापट. म्हातारी नळी नको म्हणाली तसे ते कडाडले, मग आणलं कशाला इथे? सिस्टर स्टुलावरून उठल्या. वाटलं, आता जुंपणार. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही बसा. मी भाषा सांगते."

डॉक्टर बसले. गुडघे हनुवटीला लागले त्यांचे. ते मराठीत बोलत, सिस्टर पावरीत. मला पावरी बेताचीच कळते, पण एवढं कळलं की सिस्टरनी एक शब्द गाळला नाही की मऊ केला नाही. डॉक्टर म्हणाले, नळी टाकली तरी वाचतील असं वाटत नाही, न टाकता तर एकदोन दिवस. सिस्टरनी तेच सांगितलं. म्हातारी डॉक्टरांकडे बघत राहिली आणि तिने विचारलं, हा मुलगा काही खातो की नाही? सिस्टरनी तेही तसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर खाली बघायला लागले.

मग म्हातारीने सुनेला जवळ घेतलं. कुठलं बियाणं कुठे आहे ते तिला सांगायचं होतं. वाळक्या भोपळ्यात राख घालून ठेवलेलं मोर, बंटी, भगर या डोंगरी धान्यांचं बियाणं, कोणतं आधी पेरायचं, कोणतं खायला काढायचं नाही. सून नवी होती, भेदरलेली, काहीच लक्षात राहीना. सिस्टर तिच्याकडून एकेक घोकून घेत होत्या, शाळेत पाढे घेतात तसं. त्या घरात हे एकट्या म्हातारीला ठाऊक होतं, आणि नळी घातली असती तर ते तिच्याबरोबरच गेलं असतं. आपण औषधं देतो, मशीन चालवतो, पण एका घराचं पुढच्या सालाचं पीक असं हातातून हातात जाताना मी पहिल्यांदाच पाहत होते. संध्याकाळच्या आत रुग्णवाहिकेने ती माणसं निघाली. म्हातारी घरी पोचली, दुसऱ्या दिवशी आपल्या अंगणातच तिने डोळे मिटले. ते तापट डॉक्टर आता दहा मिनिटं मागायच्या आधीच देतात.

वसावे सिस्टर गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. दुपारी हॉलमध्ये कार्यक्रम होता. शाल, नारळ, भाषणं. भाषणांत सगळ्यांनी त्यांना सेवामूर्ती म्हटलं आणि त्या खुर्चीत अवघडून बसल्या होत्या. मला जाता आलं नाही, माझी ड्यूटी होती आणि चार नंबरची पेशंट दमत चालली होती. धानोऱ्याच्या एक आजी. सकाळी कागदावर नाव वाचलं तेव्हाच मी ओळखलं होतं. गुरुजींची बायको. बाहेर तेच दोन मुलगे, आता केस पिकलेले.

कार्यक्रम आटोपून सिस्टर चाव्या द्यायला वर आल्या, खांद्यावर शाल, हातात नारळ. डॉक्टर नळीची तयारी करत होते. मला बघून म्हणाले, दहा मिनिटं आहेत, जास्त नाहीत. सिस्टरनी कॉटवरच्या आजींना ओळखलं. त्यांची ओळख चुकत नाही. त्यांनी पायाने स्टूल ओढलं आणि माझ्याकडे सरकवलं.

मी म्हटलं, तुम्ही बसा ना. माझ्याने नाही होणार.

"मी आता बाहेरची," त्या म्हणाल्या आणि तळहात पुढे केला. मला आधी कळेना. मग मी घड्याळ काढून त्यांना दिलं. त्या दाराबाहेर गेल्या, काचेला पाठ लावून उभ्या राहिल्या. मुलग्यांना त्यांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.

मी बसले. ग्लोव्ह काढला. तीन गोष्टी सांगितल्या. कोणाशी बोलायचंय, विचारलं. आजींनी मास्क उचलायची खूण केली. श्वास मोडत मोडत त्या म्हणाल्या, "तू तीच शे ना? गुरुजीसना टाइमले तूच व्हती."

मी हो म्हटलं.

"गुरुजी काय बोलनात?"

खरं सांगते, ओठांवर आलं होतं. तुमचं नाव घेतलं, एवढं एक वाक्य. कोणाचं काय बिघडलं असतं? म्हातारीने डोळे मिटले असते समाधानाने, आणि मीही सुटले असते. काचेपलीकडे शाल दिसत होती. ती बाई वळून बघत नव्हती. बघितलं असतं तर खरं बोलले असते ते तिच्या धाकाने; आता ठरवायचं माझं मलाच होतं.

"आजी, गुरुजी काहीच बोलनात नहीत," मी म्हटलं. "त्यासले बोलानं व्हतं. त्यासनी हात वर करा. मी तो दाबी धरा. मी ऐकं नही."

किती वेळ गेला कोण जाणे, मनगटावर घड्याळ नव्हतं. आता आजी शिव्या देतील, नाहीतर तोंड फिरवतील, असं वाटत होतं आणि दोन्ही मला चाललं असतं.

"हात वर करा? कोनता?"

मी माझा उजवा हात वर केला. खांद्यापर्यंत, तळवा त्यांच्याकडे.

त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. तुकड्यातुकड्यांनी त्यांनी सांगितलं ते असं. त्या दिवशी सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. गुरुजींना दवाखान्यात यायचं नव्हतं. आजींनी शेजाऱ्यांना बोलावून त्यांना उचलून जीपमध्ये घातलं. नंदुरबार येईपर्यंत गुरुजींनी तोंड फिरवलेलं. आणि मग मुलगा म्हणाला, काहीच बोलले नाहीत. इतकी वर्षं आजी धरून बसल्या होत्या की तो माणूस रागातच गेला. पण गुरुजींची घरात एक सवय होती. भांडण फार वाढलं, की तेच आधी माघार घेत, आणि बोलायच्या आधी असाच उजवा हात वर करत, वर्गात करत तसा. म्हणजे पुरे, मिटलं, आता ऐक.

"तसाच करेत," आजी म्हणाल्या. "कायम तसाच करेत." मास्कखाली त्या हसत होत्या की रडत, सांगता येत नव्हतं. मी मात्र रडत होते, आणि मिरचीचं कारण नव्हतं.

गुरुजींनी तुमचं नाव घेतलं अशी थाप मी मारली असती तर तो हात मी दुसऱ्यांदा दाबला असता. मग आजींनी मुलांना बोलावलं, दोघांना तो हात करून दाखवला, आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून मला म्हणाल्या, "टाक आते नळी." आजी अकरा दिवसांनी गेल्या. नळी निघाली नाही.

त्या दुपारी डॉक्टर आत आले, काम झालं, हात धुऊन मी बाहेर पाहिलं तर दारात सिस्टर नव्हत्या. नारळ तेवढा आमच्या टेबलावर ठेवलेला. मी जिन्याच्या खिडकीशी धावले. त्या फाटकातून बाहेर पडत होत्या, शाल काखेत मारलेली, पायांत ती बिनआवाजाची चप्पल. अक्कलकुव्याची गाडी पाचची. रस्ता ओलांडायला त्या थांबल्या, मनगट वर केलं आणि माझ्या घड्याळात वेळ बघितली. मग भराभरा एसटी स्टँडकडे निघाल्या.